पहिल्या घासाचा माणूस

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर पेज खाल्ली. दुसरं काही नाही. सकाळचे दहा वाजले असतील. ती चुलीपाशी पाटावर, मी तिच्यासमोर भिंतीला टेकून. उकड्या तांदळाची पेज, आणि तोंडी लावायला बरणीतली तोरं, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैऱ्या. तिने माझ्या वाडग्यात दोन डवले पेज घातली. डवला म्हणजे करवंटीचा डाव, आमच्याकडे अजून तोच आहे. मला दोन डवले लागतात. तीन नाही, दीड नाही.

मी पहिला घोट घेतला. पेज खारट होती. थोडीथोडकी नव्हे, तिने दोनदा मीठ घातलं होतं. वर्षभर असं होत होतं तिचं. चहात साखर दोनदा, देवाच्या दिव्यात तेल दोनदा. मी घोट गिळला, दुसरा घेतला. तोंड जसं असतं तसंच राहिलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. रोज बघायची. मग तिने स्वतःची पेज चाखली आणि वाडगा खाली ठेवला.

"एवढी खारट झालीय, आणि तुम्ही गिळताय?"

मी तिसरा घोट घेतला.

"अहो, एकदा तरी सांगा. खारट म्हणा, आळणी म्हणा, बरी म्हणा. माझ्या हातचं कसं असतं ते सगळ्या वाड्याला ठाऊक. मलाच ठाऊक नाही."

"जेव गो," मी म्हटलं.

"जेवते. भिंतीबरोबर जेवते."

असं म्हणून ती हसली, आपल्या वाडग्यात कढत पाणी घालून पेज पातळ केली आणि खाल्ली. मी माझी तशीच संपवली.

हे असं का, ते सांगायला हवं, नाहीतर वाचणारा म्हणेल म्हातारा खवट आहे. आहेच. पण त्याला कारण आहे.

माझं सगळं आयुष्य एका राजघराण्याच्या मुदपाकखान्यात गेलं. नाव सांगत नाही, त्यांचं अन्न खाल्लंय. मी कामाला लागलो तेव्हा संस्थान असं काही उरलं नव्हतं. पोर्तुगीज जाऊन थोडी वर्षं झाली होती, घराण्याकडे बागायत होती, मोठं घर होतं आणि रीत होती. घरच्या मुख्य माणसाला आम्ही खासे म्हणायचो. त्यांच्या बायकोला बाईसाहेब. आम्हा चाकरांची घरं मागच्या अंगाला ओळीने होती, एक खोली आणि पुढे पडवी. सगळी माणसं त्या मागच्या दारानेच आत जायची.

आत प्रत्येकाला एकच काम. दिव्यांच्या बाईने दिवेच पुसायचे, त्यांच्या शेजारची धूळसुद्धा तिची नव्हती. एक म्हातारा फक्त धोतरांच्या निऱ्या करायचा. बाईसाहेबांचे केस विंचरणारी होती, ती फणीतले गळलेले केस गोळा करून माडाच्या मुळात पुरायची, कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून. पाण्याचे दोघे, एक पिण्याचं आणणारा, एक न्हाणीचं, आणि त्या दोघांचं आपसात कधी जमलं नाही. आतल्या दालनात कोणी हाक मारायची नाही. खाशांनी एकदा टाळी वाजवली की पाणी, दोनदा वाजवली की पान. बोलणं सगळं मागच्या विहिरीवर.

माझं काम पहिला घास घ्यायचं. खाशांच्या पणजोबांना कोणीतरी जेवणातून कण्हेरीचं मूळ घातलं होतं म्हणतात. खरं-खोटं देव जाणे. तेव्हापासून त्या घरात खासे जेवायच्या आधी एक माणूस जेवायचा. तो माणूस आधी माझा आजा होता, मग बाप, मग मी. माझ्या वेळेला कोण कशाला विष घालतोय, पण रीत राहिली. खिडकीखाली एक बुटका पाट, म्हणजे उजेड तोंडावर पडेल असा. त्यावर बसायचं. प्रत्येक भांड्यातले दोन घास माझ्या ताटलीत. ते खायचं. मग कारभारी उदबत्ती लावायचा आणि ती अर्धी जळेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. उदबत्ती अर्धी झाली आणि मी जसाच्या तसा असलो, की मी मान हलवायची. मग खाशांचं ताट वाढायचे.

त्यामुळे खाशांनी जन्मात गरम हुमण खाल्लं नाही. हुमण म्हणजे आमची माशांची आमटी. गरम हुमण मी खाल्लं.

बापाने मला काम शिकवलं ते एका वाक्यात. "तोंड धुतलेल्या पाट्यासारखं ठेव. आवडलं तरी तसंच, नावडलं तरी तसंच. तुझं काम चव सांगायचं नाही, जिवंत राहायचं."

लग्न झालं तेव्हा मी विशीतला. ती कारापूरची, शेतकऱ्याच्या घरची. आल्यावर महिनाभरात तिला मुदपाकखान्यात घेतलं. दोन मुदपाक होते. शाकाहारी भटाकडे, आणि मासळीचा बाहेरच्या अंगाला, तिथे एक म्हातारी रांधायची. तिच्या हाताखाली माझी बायको नारळ खवायला, मसाला वाटायला. हात चांगला होता. वर्षभरात म्हातारीने हुमण तिच्यावर सोपवलं.

तेव्हा मी असा नव्हतो. राजवाड्यात पाटा, पण घरी तोंड मोकळं. रात्री तिने काही केलं की मी पहिला घास घेऊन डोळे फिरवायचो, गळा धरून पडल्याचं सोंग करायचो. ती पदर तोंडात कोंबून हसायची, शेजारी ऐकतील म्हणून. आवडलं की बोटं चाटून दाखवायचो. नावडलं की तोंड वाकडं. तिला ते फार आवडायचं. ती म्हणायची, "खाशांना तुमचं हे तोंड दिसत नाही. हे माझं."

मग तो दिवस आला.

सुंगटांचं हुमण होतं, म्हणजे कोळंबीचं. मुदपाकात एक नियम होता, मीठ एकाच हाताचं. ज्याने घातलं त्याने झाकणावर मिरचीचं देठ ठेवायचं, म्हणजे दुसरा घालणार नाही. म्हातारीने मीठ घातलं आणि देठ ठेवायला विसरली. माझ्या बायकोने झाकण बघितलं, देठ नाही, म्हणून तिनेही घातलं. एवढंच झालं.

मी पाटावर बसलो. घास घेतला. घास तिच्या हातचा आहे हे मला ठाऊक होतं, आणि आदल्याच रात्री आम्ही घरी असेच हसलो होतो. माझं तोंड वाकडं झालं. मी केलं नाही, झालं. घरच्या सवयीने झालं.

कारभारी ओरडला नाही. त्याने नुसता हात वर केला, आणि आतून बाहेरून सगळी दारं बंद झाली.

मी म्हणत होतो, "मीठ आहे ते. मीठ जास्त झालंय." कोणी ऐकेना. कारभारी म्हणाला, "तुझी बायको रांधते ना रे? मग तू दुसरं काय सांगणार?" म्हणजे माझ्या तोंडावर त्यांचा विश्वास होता, तोंडातल्या शब्दावर नव्हता.

तिला मागच्या अंगणात फणसाखाली बसवलं. दोन गडी दोन बाजूंना. केस विंचरणाऱ्या बाईला सांगून तिच्या पदराची गाठ सोडवली. गाठीत काय होतं, तर खडीसाखर आणि माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण, रात्री लावायचं म्हणून ठेवलेलं. आमच्या खोलीतली ट्रंक आणून सगळ्यांसमोर उपडी केली. विहिरीवरची सगळी माणसं बघत होती. काल तिच्याकडून चिमूटभर हळद मागून नेणारी माणसं. ती मान खाली घालून बसली होती आणि बोटाने मातीत काहीतरी ओढत होती.

वैद्य नदीपलीकडे गेला होता, यायला संध्याकाळ होणार होती. तोवर ती तशीच बसणार.

मी आत गेलो. हुमणाचं भांडं बाजूला काढून ठेवलेलं. ते उचलून अंगणात आणलं, तिच्यासमोर बसलो आणि खायला लागलो. भात नाही, काही नाही. पाचसहा माणसांचं हुमण होतं. कारभारी म्हणाला, "अरे, मरशील." मी म्हटलं, "मग तुम्हाला कळेल." डवल्याने खाल्लं, मग भांडं तोंडाला लावलं. घसा जळत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तोंड मी हलू दिलं नाही. तळाची सुंगटं बोटाने काढून खाल्ली. मग भिंतीला टेकून बसलो. कोणीतरी सवयीने उदबत्ती आणून लावली. अर्धी जळली. पूर्ण जळली. मी जिवंत.

तिला सोडलं. माणसं आपापल्या कामाला लागली, कारण खासे उपाशी होते.

त्या रात्री मी घागरभर पाणी प्यायलो. ती तांब्या भरून देत होती. पहाटेकडे म्हणाली, "तुम्ही एवढंसं तोंड वाकडं केलंत, आणि लोकांनी माझ्या पदराला हात घातला." रागाने नाही म्हणाली. हिशेब लागत नाही तसं म्हणाली. मी म्हटलं, "पुन्हा होणार नाही."

दुसऱ्या दिवशी खाशांनी आतून निरोप पाठवला, हुमण तिच्याच हातचं पाहिजे. एक नारळ आणि चोळीचा खण आला. माफी म्हणायची असेल तर तीच. ती गेली कामाला. मीही गेलो.

पण मी शब्द पाळला. घरीसुद्धा पाळला. माझं म्हणणं असं, की माणसाला एकच तोंड असतं. घरी ते सैल सोडलं की तिकडेही कधीतरी सुटणार. म्हणून सोंगं बंद, बोटं चाटणं बंद. दोन डवले भात, कमी नाही जास्त नाही, कारण जास्त मागितलं तरी चव कळते. पहिल्यांदा तिला बरं वाटलं, तिला वाटलं मी जपतोय तिला. पाचसहा वर्षांनी ती कंटाळली. मग खोड्या काढायला लागली. कधी कोकमाच्या तिवळात मीठच नाही, कधी शेवयांत गूळ नाही. मी खायचो. ती समोर बसून बघायची, डोळ्यांत डोळे घालून, कारभाऱ्यासारखी.

"उदबत्ती लावू?" म्हणायची.

मुलाच्या लग्नात तिने सगळ्या गावाला खतखतं, म्हणजे आमची सणासमारंभातली मिश्र भाजी, खाऊ घातलं. एकेक जण मला येऊन सांगतोय, नशीबवान आहेस. ती दुरून माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली. ती तिथूनच मोठ्याने म्हणाली, "विष नाही एवढं कळलं हो आम्हाला." सगळा मांडव हसला. मीही आतून हसलो, पण ते बाहेर कुठे दिसणार.

खासे गेले, बाईसाहेब गेल्या, त्यांची मुलं पणजीला राहायला गेली. आम्ही कारापूरला तिच्या माहेरच्या जमिनीच्या तुकड्यावर घर बांधून राहिलो. पाट गेला, उदबत्ती गेली. आता बोलायला हरकत नव्हती. मी ठरवायचो. एका चतुर्थीला तिने पातोळ्या केल्या, हळदीच्या पानातल्या. मी एक खाल्ली आणि खरंच तोंड उघडलं. ती हातातला डवला तसाच धरून थांबली.

"पाणी दे," मी म्हटलं.

तिने पाणी दिलं. मला माझीच लाज वाटली. बोलायचं नव्हतं असं नाही. चाळीस वर्षं ज्या दाराला कडी, ते गंजतं. आणि आणखी एक सांगतो, कोणाला सांगितलं नाही ते. तोंडात घास गेला की मला अजून फणसाखालची ती दिसायची.

राजवाड्याचं आता हॉटेल झालंय. बाहेरून माणसं येऊन राहतात. मुलगा तुयेच्या कारखान्यात आहे, त्याला सुट्टी होती, तो सुनेला आणि आम्हाला गाडीत घालून घेऊन गेला. आम्ही पहिल्यांदा पुढच्या दाराने आत गेलो. तिने पायरीवर चपला काढल्या, मुलगा म्हणाला काढायची गरज नाही, तिने ऐकलं नाही. आत एक मुलगी लोकांना दाखवत फिरत होती. खिडकीखाली माझा पाट तसाच, भोवती दोरी बांधलेली. मुलगी सांगत होती, इथे विषाची परीक्षा घेणारा शूर माणूस बसायचा.

माझी बायको पुढे झाली. म्हणाली, "बाय, तो हाच. आणि त्याची परीक्षा अजून संपलेली नाही. घरी चल, दाखवते."

त्या मुलीने तिथे माझा फोटो काढला. म्हणाली, आजोबा, जरा हसा. बायको म्हणाली, "उगाच वेळ घालवू नकोस." परत येताना गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मुलगा-सून पुढे बसलेले, तरी ठेवलं. ह्याला तीन वर्षं झाली.

तर त्या शेवटच्या सकाळी तिने पेज पातळ करून खाल्ली. वाडगे धुतले. उरलेल्या पेजेवर झाकण ठेवलं, आणि मी बघितलं, तिने झाकणावर मिरचीचं देठ ठेवलं. मीठ घातलंय म्हणून. राजवाडा सुटून एवढी वर्षं झाली, घरात रांधणारी ती एकटी, तरी ठेवलं. स्वतःलाच खूण. ते आधी ठेवलं असतं तर पेज खारट झाली नसती, पण आधी आठवलं नाही तिला.

म्हणाली, जरा पडते. खिडकीपाशी चटई घातली. मी बाहेर नारळ सोलत बसलो. दोन-तीन हाका मारल्या चहासाठी. मग आत गेलो. ती कुशीवर होती, हात गालाखाली. मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो. किती वेळ ते ठाऊक नाही. तिचं तोंड हललं नाही. मग शेजारणीला बोलावलं.

मुलगा-सून आली, माणसं जमली, सूर्य मावळायच्या आत सगळं झालं. परत आलो तर शेजारच्या बायका घरातलं रांधलेलं आणि भरलेलं पाणी बाहेर काढत होत्या. माणूस गेल्यावर घरातलं शिजलेलं ठेवत नाहीत, ही आमच्याकडची रीत, मला काय ती शिकवायला नको. तरी पेजेचं भांडं उचललं तेव्हा मी म्हटलं, "ते राहू दे."

"राहू दे कसं, अण्णा? ओतायला हवं."

"मी खातो ते."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं, डोकं ठिकाणावर नाही. मुलगा मला धरून पडवीत घेऊन आला. त्यांनी पेज माडाच्या बुंध्यात ओतली. राजवाड्यात एक भांडं खाऊन मी तिला सोडवून आणलं होतं. देठ जमिनीवर पडलं होतं, ते मी उचललं आणि खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटली नव्हती. शेजारणीने पेज करून डब्यातून पाठवली. सुनेने मला माझ्या जागी बसवलं, भिंतीला टेकून. समोरचा पाट तिने उचलला होता, मी म्हटलं, आणून ठेव. तिने ठेवला. मग दोन डवले पेज वाडग्यात घातली. तिलाही ठाऊक आहे, दोन.

मी पहिला घोट घेतला.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

सून डवला धरून उभीच राहिली. लग्न होऊन वीस वर्षं झाली तिला, असं काही माझ्याकडून तिने ऐकलं नव्हतं. मुलगा दारातून आत आला. सून मिठाची बरणी घेऊन आली. मी चिमूट घातली. ढवळून प्यालो. नाही. आणखी घातलं. पुन्हा प्यालो. आणखी थोडं.

"बाबा, खारट होईल," ती म्हणाली.

तिसऱ्या चिमटीला ती चव आली. कालचीच. मी समोरच्या पाटाकडे बघितलं, आणि तोंड वाकडं केलं. चांगलं वाकडं केलं, डोळे मिटून, पूर्वी करायचो तसं.

"झाली," मी म्हटलं. "खारट झाली."

मग वाडगा संपवला आणि पुढे केला.

"आणखी एक डवला घाल."

तिने घातला.